पंखा घुमतो, पण फिरत नाही

ऐन उन्हाळ्यात बटण दाबावे आणि छताच्या पंख्याने नुसते ‘घूंऽऽ’ करीत जागच्या जागी थरथरावे! काठीने पाते ढकलले की मात्र स्वारी निमूटपणे फिरू लागते. काही घरांत तर ही काठी भिंतीला कायमची टेकून ठेवलेली असते. काम भागते म्हणून दिवस ढकलले जातात आणि मग एखाद्या दुपारी खोलीत जळका वास सुटतो. न फिरता घुमणाऱ्या मोटरीची वेटोळी तापतात, जळतात. ती नव्याने भरून घेण्याचा खर्च मोठा, आणि मूळ दोष मात्र बहुधा शंभर रुपयांच्या आतल्या एका डबीचा. ही डबी म्हणजे कंडेन्सर.

पंख्याच्या मोटरीत तारेची दोन वेटोळी असतात. एकट्या वेटोळ्याला घरातली वीज मिळाली, तरी डावीकडे फिरावे की उजवीकडे, हे मोटरीला ठरवता येत नाही. दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह कंडेन्सर किंचित पुढे सरकवतो आणि त्या फरकातून फिरवणारी ओढ तयार होते. म्हणूनच कंडेन्सर गेलेला पंखा जिकडे ढकलावा तिकडे फिरतो. कंडेन्सर पुरता न जाता नुसता कमजोर झाला, तर पंखा सुरू होतो, पण पाचावर ठेवूनही दोनाचाच वारा देतो.

डबी बदलण्याआधी एक परीक्षा करावी. वीज बंद करून पाते हाताने फिरवावे. ते जड जात असेल किंवा खरखरत असेल तर दोष बेअरिंगचा. तेथे कंडेन्सर बदलून उपयोग नाही. पाते हलके फिरत असूनही पंखा नुसता घुमत असेल, तर संशय कंडेन्सरवरच घ्यावा. फुगलेली किंवा तडकलेली डबी लगेच ओळखू येते. पण वरून धडधाकट दिसणारीही आतून गेलेली असू शकते. दुकानात मीटरवर ती तपासून मिळते.

काम करताना नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, मेन स्विच पाडावा. वायरिंग उलटे झालेले असेल तर बटण बंद असतानाही पंख्यापर्यंत वीज पोचलेली असते. कंडेन्सरमध्येही वीज साठून राहते. त्याची दोन्ही टोके इन्सुलेटेड मुठीच्या पेचकसाने क्षणभर जोडून ती उतरवावी. तो झटका फार मोठा नसतो. पण स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला खाली पाडायला तेवढा पुरतो. खाली स्टूल धरायला कुणीतरी हवेच.

कंडेन्सर दांडीवरच्या वाटीत असतो. काढण्याआधी त्याच्या तारा कुठे जोडल्या आहेत ते कागदावर टिपून घ्यावे. त्या दोन तारांना धन-ऋण नसते. जागा मात्र चुकता कामा नये. चुकली तर पंखा उलटा फिरतो आणि वारा छताला लागतो! जुन्या डबीवरचा आकडा, बहुधा २.५ मायक्रोफॅरॅड, तोच नव्या डबीवर हवा; व्होल्टेजही ४४० पेक्षा कमी नको. ‘‘मोठा घाला, जोरात फिरेल,’’ असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये, वेटोळी तापतात.

रिमोटवर चालणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यांत मात्र हा प्रकारच नसतो. ते कंपनीच्या माणसाकडेच द्यावेत. आणि साध्या पंख्यात नवा कंडेन्सर घालूनही घूंऽऽ थांबले नाही, तर पंखा उतरवून कारागिराकडे न्यावा.