मोठ्या चाकाचा थाट आणि थंडीतला रस्ता



तुळशीचे लग्न लागले की घरची गाडी अंगणात उभी राहत नाही. आज लग्न, उद्या बाजार समिती, परवा लेकीला माहेरी आणायचे. दारणाकाठी पहाटे धुके असते, पावसाने उखडलेले रस्ते अजून बुजलेले नसतात आणि समोरून उसाची ट्रॉली येत असते. अशा वेळी सगळा गोतावळा चार चाकांच्या भरवशावर असतो. म्हणून आज चाकांविषयी बोलू.

गेल्या हिवाळ्यात देवळाली कॅम्पात एका पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी चहा घेत बसलो होतो. भगूरकडून एक मोठी गाडी लंगडत आली. आत म्हातारी आई, सून आणि तिच्या मांडीवर मूल. चाक खड्ड्यात आपटून टायरची कड फाटली होती, रिमही वाकली होती. घरच्या मुलाने हौसेने आठच दिवसांपूर्वी मोठी, चकचकीत चाके बसवली होती. "टायर नवे कोरे होते हो," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पंक्चरवाला म्हणाला, "दादा, टायर नवं होतं, पण त्यात रबर कुठं होतं?"

वेग कमी होता म्हणून माणसे सुखरूप राहिली. पण त्या पंक्चरवाल्याचे बोलणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या बैलगाडीचेच पाहा. लाकडी चाकाला लोखंडी धाव असे, तेव्हा प्रत्येक दगड बैलाच्या मानेला आणि गाडीतल्या माणसाच्या कमरेला कळत असे. रबरी टायरची गाडी आली आणि तो दणका टायरमधल्या हवेने सोसला. मोटारीचेही तसेच आहे. गाडीच्या कमानीखाली जागा ठरलेली. लोखंडी किंवा अलॉयची रिम जितकी मोठी, तितकी तिच्याभोवतीची रबराची भिंत बारीक. गाडी दिसते रुबाबदार, पण खड्ड्याचा दणका थेट रिमवर बसतो.

आता आपल्या टायरवरचे आकडे वाचायला शिकू. समजा, त्यावर २३५/६० आर १८ असे आहे. २३५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ६०, अर्थात १४१ मि.मी. आणि १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. याऐवजी २३५/६५ आर १७ घेतले, तर रिम एक इंचाने लहान होते, पण भिंत सुमारे १५३ मि.मी. होते. म्हणजे दणका सोसायला १२ मि.मी. रबर जास्त मिळाले. पूर्ण चाकाची उंची पहिल्याची ७३९ आणि दुसऱ्याची ७३७ मि.मी. फरक अवघा दोन मिलिमीटरचा.

खरी मेख इथेच आहे. रिम लहान करायची, पूर्ण चाक नव्हे. २३५/६० तेच ठेवून नुसती १७ इंची रिम घातली, तर गाडीचे पोट १२-१३ मि.मी. खाली येईल आणि वेगाचा काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवू लागेल.

बर्फाच्या देशांत ही रीत जुनीच आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. तिकडे पुष्कळ लोक हिवाळ्यासाठी लहान रिमचा वेगळा संच ठेवतात. तो स्वस्त पडतो, त्यावरचा अरुंद टायर बर्फात नीट रुततो आणि खड्ड्यात रिम वाचते. आपल्याकडे बर्फ नाही, तेव्हा ते मऊ रबराचे हिवाळी टायर घेऊ नका. आपल्या उन्हात ते लवकर झिजतात. त्यांच्याकडून घ्यायचे ते लहान रिमचे शहाणपण.

मात्र दुकानात जाण्यापूर्वी एवढे पाहा :

१) कंपनीने तुमच्याच मॉडेलला मंजूर केलेले मापच घ्या. ते गाडीच्या पुस्तकात असते. कंपनीने लहान माप दिलेच नसेल, तर आहे तेच ठेवा. फक्त हौसेपायी मोठे करू नका.

२) लहान रिम ब्रेकच्या डिस्कला आणि कॅलिपरला घासता कामा नये. एक चाक बसवून, हाताने पूर्ण फिरवून पाहा, मगच पैसे द्या.

३) बोल्टांची संख्या, त्यांतले अंतर आणि मधले भोक तंतोतंत जुळले पाहिजे. "बसवून देतो, चालून जाईल" असे कोणी म्हटले, तर उठून या.

४) मापानंतरचा आकडा भाराचा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००. आपली गाडी माणसांबरोबर द्राक्षांचे क्रेटही वाहते. हा आकडा कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको.

५) चारही चाके एकदम बदला आणि स्टेपनीही त्याच मापाची ठेवा. जुना संच घेत असाल, तर टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा. १४२३ म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा. स्वस्तात जुने, ताठरलेले रबर गळ्यात पडायला नको.

आणखी एक. पारा दहा अंशांनी उतरला की टायरमधली हवा दीड-दोन पौंडांनी कमी होते. निफाडकडे थंडी कशी पडते, ते सांगायला नको. दुपारी, चालून तापलेल्या टायरची हवा मापली की फसगत होते. सकाळी, गाडी निघण्यापूर्वी मापावी. किती हवी ते चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते.

भगिनींनो, चाकांचा विषय पुरुषांचा म्हणून सोडून देऊ नका. त्या गाडीत तुमची मुले बसतात. घरात मोठ्या चाकांचा हट्ट निघाला, तर मुलाला रागावू नका. त्याला टायरवरचे आकडे वाचायला लावा आणि हिशेब मांडायला सांगा. आकडे त्याला बरोबर समजावतील.