माळ्यावरची डबी

परवा माळा आवरताना आमच्या चिरंजीवांना ह्यांच्या एअरब्रशची डबी सापडली. "आई, हे गंजकं कशाला ठेवलंयस? नवीन ऑनलाइन मिळतो की." गंजकं नव्हतं हो! पितळेवरचा मुलामा जरा उडालाय, इतकंच. पण घरात माझं ऐकतो कोण? म्हणून इथे लिहिते. नातेवाईक मंडळी वाचतातच, निरोप पोचेल.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जाड पेनासारखं हत्यार. वर रंगाची वाटी, बोटाखाली खटका. दाबला की हवा सुटते, मागे ओढला की आतली सुई मागे सरकते आणि रंग येतो. सगळी करामत टोकाच्या नॉझलमध्ये. त्याचं भोक मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशाएवढं! चार्ल्स बर्डिकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेटंट घेतलं, त्यानंतर मूळ युक्ती फारशी बदललेली नाही. मग "जुना झाला" म्हणजे नेमकं काय झालं?

ह्यांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. १९७०-८० च्या सुमारास कुणी गेलं की घरात त्या माणसाचा एकट्याचा फोटो नसायचाच. मग लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा मोठा करायचा आणि शेजारच्यांची डोकी, खांदे राखाडी रंगाच्या फवाऱ्याने झाकायचे. आमच्या मामंजींचा दिवाणखान्यातला फोटो तसाच केलेला. डाव्या खांद्यापाशी नीट पाहिलंत तर कुणाच्या तरी फेट्याची कड अजून दिसते. ज्या फोटोला तुम्ही दरवर्षी हार घालता, तो या 'गंजक्या' वस्तूनेच केलाय.

रात्री ती धुण्याचं काम माझं. शाळेच्या वह्या तपासून झाल्या की वाटीत स्वच्छ पाणी, रंग दिसेनासा होईपर्यंत फवारा. मग सुई मागून अलगद काढून ओल्या फडक्याने मागून टोकाकडे पुसायची. उलट पुसलं तर टोक वाकतं आणि बोटात घुसतं ते वेगळं! पाच मिनिटांचं काम. इतक्या वर्षांत एकदाही बिघडला नाही.

बिघडला तो २०१९ च्या गणपतीत. मखर रंगवायला एका भाच्याने नेला (नाव घेत नाही, तो हे वाचतोय). अॅक्रिलिक रंग आत तसाच वाळू दिला आणि नॉझल मोकळं करायला त्यात टाचणी खुपसली. टाचणी! वर मला म्हणतो, "मामी, जुना होता ना, गेला." दुकानदाराकडे नेला तर त्याने डबीसुद्धा न उघडता नवीन दाखवायला सुरुवात केली. वैद्याने नाडी न बघता तिरडी मागवावी तसं झालं.

या वेळी मीच टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले. आधी सुई मागे घेतली, मगच नॉझल काढलं. नॉझल आणि सुई तेवढी थिनरमध्ये ठेवली. अख्खा ब्रश बुडवायचा नाही, आतल्या रबरी रिंगा फुगतात. सुईचं टोक आकड्यासारखं वळलं होतं. काचेवर ठेवून नखाने दाबत फिरवलं, मग बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकेच. जोडून फवारला तर वाटीत बुडबुडे! म्हणजे नॉझलपाशी हवा मागे गळतेय. आट्यांना मेणाचा बारीकसा लेप दिला. बुडबुडे कमी झाले, थांबले नाहीत. भिंगातून पाहिलं तर तोंडाशी तडा. टाचणीची कृपा.

तडकलेलं नॉझल सांधता येत नाही, हे कबूल. ते नवंच लागतं. पण चप्पलचा अंगठा तुटला तर आपण पाय बदलतो का? एवढासा पितळी तुकडा गेला म्हणून चाळीस वर्षं हातात मुरलेलं हत्यार भंगारात घालायचं, आणि नव्यातही पुन्हा रंग वाळवायचा? नवा काय स्वतःहून आंघोळ करणार आहे?

भाचेबुवा, नॉझल शोधायचं काम तुझं. माप घ्यायला जुनं सोबत ने. बाकीचा ब्रश माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला.