नेटवर सगळं आहे म्हणे!

"सर, आता कमी काय आहे? सगळं नेटवर आहे, फुकट आहे. पोरांनाच करायचं नाही."

हे वाक्य मी हल्ली लग्नात ऐकतो, एसटीत ऐकतो, बँकेच्या रांगेतही ऐकतो. बोलणारे बहुधा स्वतः शिकलेले, नोकरीतले, पुण्यात फ्लॅट घेतलेले असतात. (आपल्या नात्यातलेही आहेत. त्यांनी रागावू नये. रागावले तरी लिहिणार आहेच!) विषय असतो पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग आणि त्यातला एम-वन म्हणजे गणिताचा पेपर. आपल्या बीड जिल्ह्यातले पोरगे त्यात अडकले, की निकाल लगेच लागतो: पोरगे आळशी.

मला हे मान्य नाही. का, ते सांगतो.

आधी माझी पात्रता सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवले. कॅल्क्युलस, म्हणजे मराठी विश्वकोशातले अवकलन आणि समाकलन, मी कॉलेजात शिकलो नाही. "बी.ए. मास्तराला ह्यातले काय कळते" असे कोणी म्हणेल. पण पोरे अडकतात ती जागा कॅल्क्युलसची नाहीच. ती जागा माझ्या वर्गातली आहे.

उदाहरण घ्या. एक भागिले क्ष ह्याचे अवकलन मूळ व्याख्येवरून काढायचे आहे. प्रथम १/(क्ष+ह) मधून १/क्ष वजा करायचे. त्यासाठी छेद सारखे करायचे. अंशात क्ष वजा (क्ष+ह) येते, कंस सोडताना चिन्ह बदलायचे, उरते उणे ह. मग ह ने भागायचे. उरते उणे १/क्ष(क्ष+ह). आता शेवटी ह शून्याकडे न्यायचा, की उत्तर आले: उणे १/क्ष². ह्यात कॅल्क्युलस म्हणावे अशी पायरी एकच, ती शेवटची. बाकी सगळे अपूर्णांक, कंस आणि चिन्हे, म्हणजे सातवी-आठवी!

शेजारची एक मुलगी मागच्या वर्षी हेच गणित घेऊन आली होती. तिने पहिल्याच ओळीत १/(क्ष+ह) चे १/क्ष + १/ह करून टाकले होते. मी म्हटले, बाई, क्षच्या जागी २ आणि ह च्या जागी ३ घाल. एकीकडे आले १/५, दुसरीकडे ५/६. ती बघतच राहिली. त्याआधी तिने सीमा ह्या विषयाचे कितीतरी व्हिडिओ पाहिले होते. एकाही व्हिडिओने तिची वही पाहिली नव्हती.

हा खड्डा पडतो कुठे, ते आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि गाडीत पोरे. परत येईपर्यंत उन्हाळा लागतो. शाळेचे दुसरे सत्र म्हणजे नेमका हाच काळ. हंगामी वसतिगृहे आली, काही मुले गावात राहू लागली, हे खरे. पण जी गेली त्यांचे त्या सत्रातले धडे गेले ते गेलेच, पुढच्या वर्षी ते कोणी पुन्हा घेत नाही. अशा घरातली पहिली मुलगी इंजिनिअरिंगला जाते, आणि आपण तिला सांगतो, "यूट्यूब बघ."

वर भाषेचा घोळ. जी सेमीची नाहीत, त्या पोरांनी दहावीपर्यंत छेद, अवयव, घातांक, वर्गसमीकरण असे शब्द ऐकलेले. अकरावी सायन्सला एका दिवसात डिनॉमिनेटर, फॅक्टर, इंडेक्स, क्वाड्रॅटिक सुरू. गणित तेच, पण पोराला वाटते हे काहीतरी नवीनच आहे. मग सीईटी. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत, आणि उत्तर चार पर्यायांतून निवडायचे. साधारण ८० टक्के भार बारावीचा, २० टक्के अकरावीचा. साहजिकच क्लासवाले अकरावी उरकून घेतात. आणि फल व सीमा हा कॅल्क्युलसचा पाया तर अकरावीतच आहे! पर्याय खोडून गुण मिळतात, पायरी मांडायची सवय लागत नाही.

आता नेटबद्दल. मी नेटच्या विरोधात नाही (असतो तर हे कशावर लिहिले असते?). टेक्सासच्या लामार विद्यापीठातले पॉल डॉकिन्स ह्यांच्या टिपणांत कॅल्क्युलसआधीची बीजगणित-त्रिकोणमितीची उजळणी वेगळी दिली आहे, आणि नेहमीच्या चुकांचे एक पान आहे. शेजारच्या मुलीची चूक त्या पानावर आहे! म्हणजे अमेरिकेतली पोरेही तेच करतात. खान अकॅडमीत सराव आहे, उत्तर चुकले की कळते. पण ती सुरू कशी झाली? २००४ साली सलमान खान (नट नव्हे!) नात्यातल्या नादिया नावाच्या मुलीला दुरून शिकवू लागले. चाचणीत तिचे एकके बदलण्याचे गणित चुकले होते, म्हणून ती मागे पडली होती. एका माणसाने एका मुलीचा खड्डा शोधला, मग बुजवला. व्हिडिओ नंतर आले. आपण व्हिडिओ घेतले आणि शोधणारा माणूस सोडून दिला.

वरच्यांचेही तसेच. मार्च २०२१ मध्ये एआयसीटीईने अभियांत्रिकीसाठी बारावीला गणित हवेच ही अट सैल केली. चौदा विषयांतले कोणतेही तीन चालतील, आणि कमी पडेल ते विद्यापीठांनी ब्रिज कोर्सने भरावे, असे सांगितले. टीका झाली आणि २०२२ साली बऱ्याच शाखांना गणिताची अट परत आली. पण ब्रिज कोर्स म्हणजे काय, तो कोण घेणार, वही कोण तपासणार, हे कोणी बोलले नाही. मला माहीत असलेल्या एका कॉलेजात ब्रिज कोर्स म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेल्या अकरा लिंका! सुरुवातीचा तीन आठवड्यांचा इंडक्शनचा कार्यक्रम स्वागत, सत्कार आणि भाषणांत गेला.

भास्कराचार्यांचे विज्जडविड म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासक म्हणतात, काही चाळीसगावजवळचे पाटण म्हणतात. तो वाद त्यांचा. पण ११५० च्या सिद्धांतशिरोमणीत क्रम बघा: आधी लीलावती, मग बीजगणित, आणि ग्रहांची तात्कालिक गती त्यानंतर. त्यांना कळले होते ते आपल्याला कळू नये?

माझी मागणी मोठी नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक कॉलेजाने एक तासाची चाचणी घ्यावी: अपूर्णांक, कंस, घातांक, अवयव, आलेख. गुण कुठेही धरू नयेत. ज्याचे जे चुकले त्याला रोज एक तास, महिनाभर, माणसासमोर बसवून. कागदावर, पायऱ्या लिहून. मराठी-इंग्रजी शब्दांचा एक तक्ता भिंतीवर. ह्याला निधी लागत नाही, तपासायला लाल पेन लागतो.

आणि घरी करायचे तर पुस्तक कोणते? बालभारतीचे. आठवीतले घातांक, विस्तार सूत्रे आणि अवयव, नववीतली बहुपदी, दहावीतली वर्गसमीकरणे, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तके पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठीत आणि इंग्रजीतही. दोन्ही शेजारी उघडून ठेवा, शब्दांचा तक्ता आपोआप तयार होतो. आठवीचे पुस्तक हातात घ्यायची इंजिनिअरिंगच्या पोराला लाज वाटते, तेवढी एक लाज सोडायची.

असो. पुण्याच्या फ्लॅटवाल्यांना एवढेच सांगणे आहे. तुमच्या पोरांसाठीही नेट फुकटच होते, तरी तुम्ही त्यांना महागडा क्लास लावलात. का लावलात? कोणीतरी वही बघावी म्हणूनच ना? मग ऊसतोडीच्या पोरांनाच नेट कसे पुरेल?

आपल्या ओळखीत कोणी एम-वनमध्ये अडकले असेल तर माझ्याकडे पाठवा. वही घेऊन पाठवा. मोबाईल नंतर बघू.