आधी कान, मग पाकीट

मारुती ८०० ज्यांनी चालवली आहे त्यांना दाराच्या आतला तो छोटा दांडा आठवत असेल. १९८३ साली ही गाडी आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी, डॉक्टरांनी आणि व्यापाऱ्यांनी आयुष्यातली पहिली गाडी म्हणून तीच घेतली. दांडा फिरवला की काच खाली, उलटा फिरवला की वर. काच अडली तर का अडली, ते हातालाच कळायचे. रबरात माती बसली असेल तर दांडा जड लागायचा. आतले दाते झिजले असतील तर तो मोकळाच गरगर फिरायचा. रोगाचे निदान मनगटातच होते म्हणा ना!

आता दांडा गेला, बटण आले. बोटाला काहीच कळत नाही. काच हलली तर हलली, नाही तर नाही. मग आपण गाडी घेऊन जातो आणि समोरचा सांगेल तो आकडा ऐकून मान डोलावतो. कुटुंब आणि संस्कृतीच्या पानावर हा तेलकट विषय कशाला, असे कोणी विचारील. पण लग्नाच्या शालूवर बेतले, तेव्हा मला तो पुरेसा कौटुंबिक वाटू लागला.

झाले ते असे. गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाची खरेदी करायला आम्ही उभयता शिरपूरहून इंदूरला गेलो. आपल्या बाजूच्या लोकांना इंदूर नवे नाही. आग्रा रोडला लागायचे, बिजासनचा घाट चढायचा, खलघाटला नर्मदामाईला हात जोडायचे आणि दुपारच्या जेवणाला इंदुरात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महेश्वरी साड्या, शालू आणि सराफ्यातून घेतलेली चांदीची भांडी मागच्या सीटवर ठेवून आम्ही राजवाड्याजवळच्या पार्किंगपाशी आलो. पावती देणारा मुलगा डाव्या बाजूला उभा होता. सौ.ने बटण दाबले. दारात कडकन आवाज झाला आणि काच एकदम आत पडली. वर करायला बटण ओढले तर आत मोटर घुरघुरत होती, काच मात्र जागची हलेना.

समोर राजवाडा उजळलेला. सात मजल्यांचे ते प्रवेशद्वार, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. शेजारच्या सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद होऊन खाऊच्या गाड्या लागायची वेळ. भुट्ट्याचा कीस खायचे ठरवून आलेली मंडळी आम्ही, आणि गाडीचे दार सताड उघडे असल्यासारखे! आकाशात वळवाचे ढग. सौ. म्हणाली, “तुम्ही खाऊन या, मी चांदीवर बसते.” असा नवरा कोण निघेल जो त्यानंतर एकटा खायला जाईल?

फोन केल्यावर रामबागेतून मेहुणे आले. त्यांनी दाराच्या फटीतून काच दोन्ही तळव्यांमध्ये धरून, हळूहळू सरकवत वर आणली, खाली लाकडाची पाचर मारली आणि वरून चौकटीवर रुंद चिकटपट्टी लावली. (काच अशी बाहेरून वर आणताना बटणाला कोणीही हात लावायचा नाही, आणि बोटे फटीत घालायची नाहीत. आतला पत्रा सुरीसारखा असतो.) “भाऊजी, आजची रात्र निघेल,” ते म्हणाले. “पण घाटात पाऊस लागला तर शालूचं पोतेरं होईल.” लग्न चार दिवसांवर होते.

सकाळी एका मोठ्या, थंडगार सर्व्हिस सेंटरात गेलो. नाव घेत नाही. टाय लावलेल्या तरुणाने एकदा बटण दाबले, संगणकावर काही पाहिले आणि सांगितले, “सर, पूर्ण सेट बदलावा लागेल. मोटर, मशीन आणि स्विच. माल यायला चार दिवस.” आकडा आठ हजारांच्या घरात होता. दार उघडून पाहिले का, असे मी विचारले. त्यावर “सेट बदलला की प्रॉब्लेमच राहत नाही,” हे उत्तर. तसे खरेच आहे म्हणा. डोके दुखते म्हणून डोकेच बदलले तर दुखणे राहणार नाही.

इंदूर हे मोटारींच्या बाबतीत साधेसुधे गाव नव्हे. दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडी घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. जगभरचे मोटारवेडे आजही त्या गाडीचे नाव काढतात. काचेचे बटण मात्र तेव्हा महाराजांच्याही नशिबी नव्हते. १९४० च्या अखेरीस अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने तेलाच्या दाबावर चालणाऱ्या काचा आणल्या आणि १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये विजेच्या मोटरवर चालणाऱ्या आल्या. आपल्याकडे ही चैन सामान्य माणसापर्यंत यायला आणखी चाळीसएक वर्षे लागली.

असो. मेहुण्यांनी मला मग एका गल्लीत नेले. दहा बाय बाराचे दुकान, बाहेर कडुनिंब, त्याखाली एक साठीचे मिस्त्री. माझा पेशा कळल्यावर म्हणाले, “मास्साब, बटन दबाओ, और कोई कुछ मत बोलो.” त्यांनी दाराच्या पत्र्याला कान लावला. पुढच्या अर्ध्या तासात या माणसाने मला जे शिकवले ते वाचकांच्या हाती द्यावे, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिला प्रश्न: एक काच बंद आहे की सगळ्या? सगळ्याच बंद असतील तर दार उघडायचे कारणच नाही. फ्यूज पाहायचा. त्याआधी चालकाजवळचे ते कुलपाचे बटण पाहायचे, जे दाबले की बाकीच्यांच्या काचा चालत नाहीत. नातवंडे ते दाबून जातात आणि आजोबा गॅरेजला जातात!

एकच काच बंद असेल तर कान द्यायचा. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, म्हणजे वीज ठीक, स्विच ठीक, मोटरही बहुधा ठीक. तुटले आहे ते काच उचलणारे यंत्र. गॅरेजवाले त्याला ‘काचेची मशीन’ म्हणतात. आवाजच येत नसेल तर गाडीतला छतावरचा दिवा लावून बटण दाबायचे. दिवा क्षणभर मंदावला तर मोटरपर्यंत वीज पोचते आहे, पण ती अडकली आहे. अशा वेळी बटण दाबून धरून दाराच्या आतल्या बाजूला मुठीने ठोकले तर म्हातारी मोटर कधी कधी जागी होते. तिचे दिवस भरले, हे ओळखायचे. दिवा मुळीच मंदावला नाही तर संशय स्विचवर किंवा तारेवर. त्या दाराला दोन बटणे असतात, एक दारावर आणि एक चालकापाशी. एकाने चालते आणि दुसऱ्याने नाही, तर दोष बटणात. दोन्हींनी नाही, तर दार आणि खांब यांच्यामध्ये जी रबरी नळी असते तिच्यातल्या तारा पाहायच्या. दार हजारो वेळा उघडते-मिटते, तारा तिथेच वाकून वाकून तुटतात. आणि काच हळू, कुरकुरत चढत असेल तर बिचाऱ्या मोटरला दोष देऊ नका. काच ज्या रबरी पट्टीत सरकते ती आपल्या खानदेशी धुळीने भरलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसून, वाळवून सिलिकॉनचा फवारा मारला की पुष्कळदा काम भागते. ग्रीस किंवा खाण्याचे तेल लावू नये, त्यावर धूळ आणखी बसते.

आमचा आवाज पहिल्या प्रकारचा, म्हणजे मोटर चालू आणि काच ठप्प. मिस्त्रींनी बॅटरीची तार काढली, हँडलच्या टोपणाखालचे स्क्रू काढले, दाराचे आतले पॅड क्लिपांवरून अलगद सोडवले. आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद होता. तो न फाडता सोलून बाजूला ठेवला. मग आतले दिसले. उभी पट्टी, तिच्या वर-खाली प्लास्टिकची पुली, त्यांवरून गेलेली पोलादी तार आणि तारेला बांधलेला सरकता तुकडा, ज्यावर काच बसते. मोटर चक्री फिरवते, चक्री तार ओढते. आपल्या विहिरीच्या रहाटापेक्षा यात निराळे काही नाही. आमची वरची पुली उन्हाने तडकून तिचा तुकडा पडला होता. तार सैल होऊन चक्रीवरून उतरली होती आणि तिचे धागे विसकटले होते. सगळा बिघाड एवढाच!

मोटर सोडवून त्यांनी दोन वायरींनी सरळ बॅटरीवर लावली. फिरली. वायरी उलटसुलट केल्या, उलटी फिरली. “मोटर बीस साल और चलेगी,” असा निकाल. मोटरीत एक मळसूत्री दाता असतो, तो चाक फिरवतो. चाकाला मात्र त्याला फिरवता येत नाही. म्हणूनच मशीन धड असताना वर चढलेली काच हाताने दाबून खाली जात नाही. चोराच्या आणि आपल्या मधे हा एवढासा दाता उभा असतो.

नुसती मशीन, मोटर वगळून, दोन दुकाने हिंडून मेहुण्यांनी आणली. जुन्याशेजारी ठेवून भोके जुळतात का ते पाहिले, कारण डावी-उजवी वेगळी असते. काच वर चिकटपट्टीने टांगून ठेवली, जुनी मशीन मोठ्या भोकातून वाकडी करून बाहेर, नवी आत. जुनीच मोटर तिला जोडली. काच सरकत्या तुकड्यावर बसवून बोल्ट आधी सैल ठेवले, बॅटरी जोडून काच दोनदा वर-खाली केली, ती सरळ चालते याची खात्री झाली, मगच आवळले. मजुरीसकट तीन हजारांच्या आत. जुन्या घाटाच्या गाड्यांत तारेऐवजी कैचीसारखे दोन हात असतात आणि त्यांना जाड स्प्रिंग. ती मशीन घरी उघडायला जाऊ नये. स्प्रिंग सुटली तर बोट जाते, असे सांगताना मिस्त्रींनी आपले अर्धे बोट दाखवले.

पॅड बसवण्याआधी त्यांनी तो प्लास्टिकचा कागद पुन्हा चिकटवला, कडेने बोट फिरवून. यावर मात्र सर्वांनी हटून बसावे. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात जातेच. ते खालच्या बारीक छिद्रांतून निघून जावे आणि सीटकडे येऊ नये, यासाठी तो कागद. घाईचे कारागीर तो फाडून फेकतात आणि जुलैत पायाखाली ओले झाले की आपण छतात भोक शोधतो.

आणखी एक. बॅटरी काढल्यावर एका दाबात वर जाणारी काच काही गाड्यांत ती सवय विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरावे लागते. रीत गाडीच्या पुस्तकात असते. बोट आडवे आले तर आपोआप मागे फिरणारी काच पुष्कळ गाड्यांत फक्त चालकाच्या बाजूला असते, हे लहान मुलांच्या आयांनी लक्षात ठेवावे. पूर्वी बटणावर नुसता गुडघा पडला तरी काच वर जाई. खिडकीतून डोके काढलेली मुले त्यात दगावली, म्हणून अमेरिकेत नियम झाला आणि काच वर न्यायला बटण ओढावे लागेल अशी रचना आली. आपल्या बहुतेक नव्या गाड्यांतही आता तीच आहे.

त्याच संध्याकाळी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला, काचा वर करून. परतताना सेंधव्याच्या पुढे वळवाने झोडपले. शालू कोरडा घरी आला. मोडकी मशीन मिस्त्रींनी पिशवीत घालून दिली होती. ती सध्या आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या सरांच्या टेबलावर आहे, आणि अकरावीची मुले तार ओढून पाहतात.