पेटीवरचे वॅट आणि फाटणारा आवाज

सोयाबीनची पट्टी हाती आली, उसाचा हप्ता जमा झाला, की तालुक्याच्या गावी दोन दुकानांत गर्दी होते. एक सोनाराचे आणि दुसरे गाड्यांच्या साजाचे. ट्रॅक्टर असो की पिकअप, पोरांना त्यात टेप, स्पीकर आणि बेसट्यूब हवीच. (कॅसेट जाऊन कैक वर्षे झाली, पण आपण म्हणतो टेपच.) शिवारफेरीत कीड-रोगाचे प्रश्न संपले, की हल्ली एखादा तरुण हळूच विचारतो, "साहेब, तीनशे वॅटचे स्पीकर बसवले, तरी आवाज फाटतो. असं का?"

हा प्रश्न कृषी खात्याचा नव्हे, हे मान्य. पण पैसा शेतातलाच जातो आणि वायर जळाली तर ट्रॅक्टरही आपलाच जळतो. तेव्हा आजचे पान त्यासाठी. घरातल्या कारभारणीनेही वाचावे, कारण पैशाची पेटी तिच्याकडे असते.

सिंगल सुपर फॉस्फेटची गोणी ५० किलोची, पण त्यात स्फुरद १६ टक्के, म्हणजे ८ किलोच. पिकाच्या तोंडी जाते ते ८ किलो. स्पीकरच्या पेटीवर ठळक अक्षरात जे ३०० वॅट छापतात, ते गोणीचे वजन समजा. तो आकडा क्षणभराच्या धक्क्याचा असतो. खरा आकडा बारीक अक्षरात, 'आर.एम.एस.' या शब्दापुढे असतो. तो ४० किंवा ५० निघाला तर नवल वाटून घेऊ नका. आर.एम.एस.चा आकडा पेटीवर कुठेच नसेल, तर तो माल दुकानातच राहू द्यावा.

दुसरे असे, की स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो देणार असलेली ताकद नव्हे. तो किती सोसू शकतो, एवढेच ते सांगतात. बैलगाडीला तीस क्विंटल पेलते म्हणून बैल तीस क्विंटल ओढतील, असे थोडेच आहे? ओढणारा बैल म्हणजे टेपमधला अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या पेटीवर '५० वॅट गुणिले ४' असे लिहिलेले असते. याचा हिशेब कागदावर करून पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. गाडीचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा. १४ गुणिले १४ म्हणजे १९६, भागिले ४, म्हणजे ४९. हेच ते पेटीवरचे ५०! पण हा आकडा आवाज पार फाटलेला असतानाचा. स्वच्छ आवाजाला त्याच्या निम्मेच मिळतात आणि घट-तूट धरली तर १८ ते २० वॅट हाती लागतात. आणखी एक खूण सांगतो. टेपच्या पाठीमागचा फ्यूज पाहा. तो १० अँपिअरचा असेल, तर १० गुणिले १४ म्हणजे १४० वॅट आत जातात, आणि त्यातले बरेचसे टेप तापण्यातच जातात. मग बाहेर दोनशे कुठून येणार? विहिरीत दोन परस पाणी असताना पाटाला चार परसाचे कसे येईल?

आता फाटण्याकडे येऊ. आवाज दोन ठिकाणी फाटतो.

पहिले ठिकाण अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या ऐपतीपलीकडे बटण फिरवले, की आवाजाच्या लाटेचे माथे छाटले जातात, विळ्याने कापल्यासारखे सपाट. कानाला खरखर येते आणि स्पीकरची तार जास्त तापते. उंच आवाजाची ती छोटी शिट्टी, ट्वीटर, बहुधा अशीच जळते. "स्पीकर मोठ्या वॅटचा घेतला, आता जळायची भीती नाही," असे म्हणणारे इथेच फसतात.

दुसरे ठिकाण स्पीकर स्वतः, आणि खरी गोम इथे आहे. स्पीकरचा कागदी पडदा पुढे-मागे हलतो, तेव्हा आवाज निघतो. आवाज जितका खालचा, तितका पडद्याला जास्त हलावे लागते, आणि तेही सरळ हिशेबाने नाही. कंपने निम्मी झाली, की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी हालचाल चौपट लागते. समजा १६० हर्ट्झला पडदा पाव मिलिमीटर हलतो. तर ८० हर्ट्झला एक मिलिमीटर आणि ४० हर्ट्झला चार मिलिमीटर. ४ किंवा ६ इंची स्पीकरची कॉईल मोजके मिलिमीटरच धडपणे हलू शकते. म्हणून ढोल-ताशाचा किंवा हल्लीच्या गाण्यातला खालचा धक्का आला, की पेटीवरचे वॅट पुरे व्हायच्या कितीतरी आधी पडद्याची धाव संपते. मग ठक्क असा आवाज येतो, कॉईल घासते, एक दिवस चिकटते.

आणि त्याच पडद्यावर गायकाचा गळाही असतो. धक्के खाणाऱ्या बैलगाडीत बसून पत्र लिहा, अक्षर कसे येईल? खालच्या आवाजाने पडदा हिसके खात असला, की वरचा गळा तसाच थरथरतो. लोक म्हणतात स्पीकर हलका निघाला. स्पीकर हलका नसतो, त्याच्यावर नको ते ओझे टाकलेले असते.

उपाय म्हणजे ते ओझे उतरवणे. टेपच्या सेटिंगमध्ये 'एच.पी.एफ.' नावाची गाळणी असते. ती छोट्या स्पीकरसाठी ८० किंवा १०० हर्ट्झवर लावा. 'बेस बूस्ट' आणि 'लाऊडनेस' बंद. बेस १० डेसिबलने वाढवला, तर अ‍ॅम्प्लिफायरला त्या ठिकाणी दहापट वॅट लागतात, आणि ते त्याच्याकडे नाहीत हे वर पाहिलेच. टेप जुना असून गाळणी नसेल, तर ४ ओहमच्या प्रत्येक स्पीकरच्या एका तारेत सुमारे ४०० मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा कपॅसिटर जोडून घ्या. तो दुतर्फी, म्हणजे अधिक-उणे नसलेलाच हवा. त्याने १०० हर्ट्झच्या खालचा भार हळूहळू कमी होत जातो. पहिल्यांदा वाटेल, गाणे बारीक झाले. दोन दिवस ऐका. शब्द न् शब्द कळेल.

खालचा आवाज हवाच असेल, तर त्याला वेगळा गडी लावावा लागतो. ८-१० इंची स्पीकरची बंद पेटी, तिला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर, आणि ८० हर्ट्झच्या वरचे गाळणारी 'एल.पी.एफ.' गाळणी. पिकअपच्या बंद केबिनमध्ये हे शोभते. उघड्या ट्रॅक्टरवर मात्र मला हा खर्च पटत नाही. बंदिस्त जागा नसल्याने खालचा आवाज रानात विरून जातो. मडगार्डवर नुसता स्पीकर ठोकला तर आणखी वाईट. पडद्याच्या पुढून निघालेली लाट आणि मागून निघालेली उलटी लाट एकमेकींना खाऊन टाकतात. निदान लाकडी बंद खोक्यात तरी बसवा.

त्यापेक्षा स्पीकर घेताना 'सेन्सिटिव्हिटी' हा आकडा बघा. ८७ डेसिबलच्या जागी ९३ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला चौथा हिस्सा वॅट पुरतात. वॅट दुप्पट केल्याने आवाज तीनच डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतो. पैसे कुठे घालायचे ते तुम्हीच ठरवा.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवलात, तर तार थेट बॅटरीवरून जाड घ्या आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरपाशी लावला, तर मधल्या तारेला राखण कुणाची? पत्र्यावर घासून तिची साल निघाली, की ठिणगी. मागे ट्रॉलीत पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट असते, हे विसरू नका. इंजिन बंद करून बांधावर तासन्‌तास गाणी लावली, तर सकाळी स्टार्टर उचलणार नाही, तो वेगळाच ताप.

कानाचेही ऐका. ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम चालते, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर ओझ्याखाली इंजिनचाच आवाज ड्रायव्हरच्या कानाशी ९० च्या आसपास जातो. गाणे त्याच्या वर चढवायचे, म्हणजे कानाला सुट्टी नाही. शिवाय रोटाव्हेटर चालू असताना मागून कुणी "थांब!" म्हणून ओरडले, तर ते ऐकू आले पाहिजे. पी.टी.ओ. चालू, तेव्हा गाणे बंद, असे माझे सरळ सांगणे आहे.

बटण कुठवर फिरवायचे, याची सोपी रीत अशी. पाठ असलेले एखादे भजन किंवा लावणी लावा. बेस शून्यावर ठेवून आवाज हळूहळू वाढवा. गळा खरखरू लागला, की दोन घरे मागे या आणि तो आकडा टेपशेजारी रंगाने लिहून ठेवा. पोराने त्याच्यापुढे जायचे नाही, एवढे घरात ठरवून टाका.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी कामगंध सापळे कधी आणि किती लावायचे, ते पाहू.