बळीच्या दारातील पहारेकरी

दिवाळीच्या एकाच सणात आपण दोन असुरांची आठवण काढतो आणि दोघांशी अगदी उलट व्यवहार करतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून अलिबाग तालुक्यातील आमच्या थळ गावचा गृहस्थ तुळशीवृंदावनापाशी कडू कारीट अंगठ्याखाली चिरडतो आणि नरकासुराचा पुन्हा एकदा निकाल लावतो. पण पाडव्याच्या दिवशी त्याच अंगणात ‘इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे मागणे मागितले जाते. दोघेही असुर, दोघांनीही इंद्राला जेरीस आणलेले, दोघांचाही पाडाव विष्णूच्याच अवताराने केलेला. तरीही एक पायाखाली जातो आणि दुसऱ्याचे राज्य परत यावे म्हणून घरची वडीलधारी माणसे देवापुढे हात जोडतात, यात आमच्या लोकमानसाने केलेला एक न्यायनिवाडा आहे. हजारो स्त्रियांना बंदिवासात कोंडणारा नरकासुर शिक्षेला पात्र ठरला; दिलेला शब्द पाळताना सर्वस्व गमावणारा बळी मात्र पराभूत होऊनही दोषी ठरला नाही. असुरकुळातला जन्म या निवाड्यात मुळीच विचारात घेतलेला नाही.

भागवताच्या आठव्या स्कंधातील कथा सर्वश्रुत आहे; तथापि तिचा उत्तरार्ध आपण घाईने आटोपतो. प्रल्हादाचा नातू आणि विरोचनाचा पुत्र बळी, नर्मदातीरी भृगुकच्छ येथे यज्ञ करीत असता, वामन त्रिपाद भूमी मागतो. हा बटू म्हणजे साक्षात विष्णू आहे, असे शुक्राचार्य बजावतात, शिष्य ऐकत नाही असे पाहून त्याला शापही देतात. आणि तरीही बळी दानाचे उदक सोडतो. दोन पावलांत त्रैलोक्य व्यापले जाते व तिसऱ्यासाठी तो आपले मस्तक पुढे करतो. इथे आपण पुस्तक मिटतो. परंतु पुराणकार थांबत नाहीत. बळीला सुतलाचे राज्य मिळते, पुढील सावर्णि मन्वंतरात इंद्रपदाचे आश्वासन मिळते, आणि ज्याने त्याचे सर्व काही मोजून घेतले तो विष्णू स्वतः गदा घेऊन त्याच्या दारात पहारा करीत उभा राहतो. हा पहारा नावापुरता नाही. दिग्विजयाच्या मदात तेथे आलेल्या रावणाला या द्वारपालाने पायाच्या अंगठ्याने दूर भिरकावून दिले, असे त्याच ग्रंथात अन्यत्र सांगितले आहे.

या द्वारपालाचे मोल दुसऱ्या एका कल्पित विश्वाशी ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते. टोल्किन या इंग्रज लेखकाच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्मरिलियन’ या ग्रंथात मेल्कोर नावाचा देवतुल्य खलपुरुष आहे. सामर्थ्याने तो सर्व देवांहून वरचढ. पण मत्सराने अधःपतित झालेला तो अखेरीस विश्वाच्या दाराबाहेर अनंत शून्यात ढकलला जातो आणि त्याने परत येऊ नये म्हणून सीमेवर कायमचा पहारा बसतो. कथेच्या चौकटीत ते योग्यच आहे, कारण मेल्कोर खरोखरच दुष्ट आहे. पहारा दोन्हीकडे आहे; परंतु तेथे तो विजेत्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि येथे पराभूताच्या. माझ्या मते बळीकथेचे सारे तात्पर्य या एका भेदात साठवलेले आहे.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहून या कथेचे पारडेच फिरवले, बळीला रयतेचा न्यायी राजा आणि वामनाला कपटी आक्रमक ठरवले, हा आपल्या विचारेतिहासातील मोठा प्रसंग होय. त्या ग्रंथाने बळीराजाला त्याची प्रतिष्ठा परत मिळवून दिली. परंतु पुढे राज्यकर्त्यांनी त्या प्रतिष्ठेचा गोड उपयोग करून घेतला. आज जाहीरनाम्यापासून बियाण्यांच्या जाहिरातीपर्यंत शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणून गौरवले जाते. राजा म्हणायचे आणि मोजणीची साखळी घेऊन त्याच्या बांधावर उभे राहायचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

आमच्या किनाऱ्याला हा व्यवहार नवा नाही. याच अलिबाग तालुक्यातील चरीच्या खारेपाटात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि 1933 मध्ये सुरू झालेला तो संप 1939 पर्यंत, उपासमार सोसून, चालवला. डॉ. आंबेडकर 1934 मध्ये त्यांच्या सभेला आले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपुष्टात यायला मात्र 1949 उजाडले. त्यानंतर मोजणीदार बदलला, खोताच्या जागी सरकार आले. उरण-पनवेलच्या पट्ट्यात नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा 1984 च्या 16 आणि 17 जानेवारीला शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, आणि संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व त्या रक्तातून पुढे आले. खुद्द थळला खताचा प्रचंड कारखाना उभा राहिला. देशभरच्या शेतांना युरिया पुरवण्यासाठी येथील शेतांनी जागा सोडली.

कोणी म्हणेल की कारखाने व बंदरे नकोत काय? हवीत. युरियावाचून देशाची भाताची कोठारे भरणार नाहीत, आणि त्रिपाद भूमी मागण्याचा अधिकार सार्वजनिक हितासाठी सरकारला असावा हेही मान्य आहे. मुद्दा तिसऱ्या पावलानंतरचा आहे. 1894 च्या भूसंपादन कायद्याची दृष्टी मोबदला चुकता झाला की प्रकरण दप्तरदाखल करण्याची होती. 2013 च्या कायद्याने पुनर्वसन हा हक्क म्हणून मान्य केला, ही मोठी प्रगती आहे. परंतु कागदावरच्या हक्काला दारात उभा राहणारा राखणदार लागतो. थळसमोरच्या खांदेरी बेटावर वेताळाचे ठाणे आहे. अन्यत्र भुतांचा अधिपती म्हणून ज्याचे भय वाटावे, त्याला दर्यावर जाणारा कोळी आपला रक्षक मानतो. सामर्थ्यवानाने रक्षण केले तर त्याच्या सामर्थ्याची भीती उरत नाही, हे शहाणपण येथील माणसाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

म्हणून सरकारदरबारी मागणे एवढेच की, ज्या खात्याने जमीन घेतली त्यानेच प्रकल्पग्रस्ताच्या नोकरीची, भूखंडाची व पाण्याची जबाबदारी पुढच्या पिढीपर्यंत वाहावी आणि त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावा. संपादनाचा निवाडा जाहीर झाला म्हणून ती जबाबदारी संपली असे मानू नये. पाडव्याला बळीच्या राज्याची प्रार्थना करणाऱ्या मंत्र्याने निदान एवढे ध्यानात ठेवावे की, पुराणातल्या विष्णूने तिन्ही लोक घेतले, पण घेतल्यावर तो निघून गेला नाही.