अनुभव नाही म्हणता, मग शिकवणार कधी?




खासगी रुग्णालयांच्या जाहिरातींत ‘एनआयसीयूचा अनुभव आवश्यक’ ही ओळ हमखास दिसते. माळशिरस, अकलूज, नातेपुते भागातल्या आम्हा बऱ्याच परिचारिकांची सुरुवात मात्र डॉक्टरांच्या दवाखान्यात होते. केसपेपर, बीपी, इंजेक्शन, सलाईन, लसीकरण. अशी सिस्टर नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) जायचे म्हणाली, की एक तर तिला दारातूनच परत पाठवतात, नाहीतर माणसे कमी म्हणून चार-आठ दिवसांत रात्रपाळी तिच्या एकटीच्या गळ्यात पडते. मी स्वतः दवाखान्यातून या कामात आले आहे. दोन्ही प्रकार चुकीचे आहेत, आणि दुसरा तर धोक्याचा आहे.

धोका कसा, ते जेंटामायसिन या प्रतिजैविकाचेच पाहा. मोठ्यांच्या दोन मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये 80 मिलीग्रॅम औषध असते. बाराशे ग्रॅमच्या बाळाला किलोमागे 5 मिलीग्रॅम द्यायचे, तर होतात 6 मिलीग्रॅम, म्हणजे अवघे 0.15 मिली. इथे दशांश चिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो, आणि हे औषध जास्त झाले तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करते. ऑक्सिजनचेही तसेच. कमी पडला तर जीव जातो आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला जास्त झाला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो. दवाखान्यात मोठ्या माणसाची शीर सहज धरणारा हात इथे नव्याने तयार करावा लागतो. तो पुस्तक वाचून होत नाही, जाणत्या सिस्टरच्या शेजारी उभे राहूनच होतो.

दवाखान्यातल्या सिस्टरला काहीच येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. बाळ ‘काचेत’ ठेवल्यावर बाहेर बसलेल्या आईला धीर देणे, तिला दूध काढायला शिकवणे, बाळ छातीशी कसे धरायचे ते दाखवणे, घाबरलेल्या आजीला समजेल अशा शब्दांत सांगणे, हे तिला चांगले जमते. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरगावाहून आलेल्या बायकांशी बोलायला तर अशीच बाई लागते.

सरकारी विशेष नवजात कक्षांतील परिचारिकांसाठी चार दिवसांचे वर्ग आणि पुढे दोन आठवडे प्रत्यक्ष निरीक्षण असे प्रशिक्षण ठरवून दिलेले आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा नवजात शुश्रूषेचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रमही आहे. पण घरदार आणि पगार सोडून वर्षभर बाहेर राहणे आमच्यातल्या किती जणींना परवडेल?

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. त्यानंतर अग्निसुरक्षेच्या आणि वीजयंत्रणेच्या तपासणीचे आदेश निघाले, ते योग्यच होते. पाळीवर किती सिस्टर आहेत आणि त्यांतल्या किती शिकलेल्या, हेही तितक्याच नेटाने तपासले पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. नव्या सिस्टरला पहिले तीन महिने पूर्ण पगारावर जुन्या सिस्टरच्या हाताखाली ठेवावे आणि तोवर पाळीच्या संख्येत तिला धरू नये. औषधाचा प्रत्येक डोस दोघींनी मोजून दोघींनी सही करावी. जिल्हा आरोग्य यंत्रणेने सरकारी प्रशिक्षणात खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठीही काही जागा ठेवाव्यात आणि त्याचा खर्च त्या रुग्णालयांकडून घ्यावा. आजही गंभीर बाळाला घेऊन आमच्या तालुक्यातल्या लोकांना सोलापूर किंवा पुण्याची वाट धरावी लागते. अकलूज-पंढरपुरात शिकलेले हात वाढले, तर त्यातली काही बाळे इथेच सांभाळता येतील.

– एक परिचारिका, माळशिरस (जि. सोलापूर)